मार्गो मार्टिनडेल : चेहरा कधीचा ओळखीचा, नाव आत्ता कळलं

रानजाई – ३ जाने, रात्री १०:४०
गेले दोन आठवडे 'जस्टिफाइड' ही अमेरिकन मालिका बघतेय. पहिला सीझन छान होता, टोपीवाला देखणा मार्शल, गोळीबार, केंटकीचे डोंगर वगैरे. पण दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात साठीच्या घरातली एक जाडसर बाई येते, डोंगरातलं किराणा दुकान चालवणारी, केस कसेतरी बांधलेले, आणि तिथून पुढे तेराही भाग मी दुसऱ्या कोणाकडे बघितलंच नाही. मॅग्ज बेनेट नाव तिचं.

(रहस्यभेद आहे, ज्यांना बघायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडा.) त्या भागात ती एका माणसाला घरगुती दारू प्यायला देते. 'ॲपल पाय' म्हणतात त्या दारूला (पाय म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, त्याचं नाव), काचेच्या बरणीत असते. दोघं एकाच बरणीतली ओतून पितात, गप्पा चालल्यात, हिचा आवाज एकदम मायेचा. मग त्याचं अंग आखडायला लागतं आणि ही सांगते की विष बरणीत नव्हतं, ग्लासात आधीच होतं. सांगताना त्याचा हात हातात धरून बसते, तुझ्या पोरीला मी सांभाळीन म्हणते, आणि तेही खोटं नसतं हो! खरंच सांभाळते! मी टीव्ही बंद करून पाणी प्यायला गेले.

मग ही कोण म्हणून शोधलं तर मार्गो मार्टिनडेल, टेक्सासमधल्या जॅक्सनव्हिलची, जन्म १९५१. यादी वाचताना लक्षात आलं की हिला मी निदान दहा सिनेमांत बघितलंय आणि एकदाही नाव वाचलेलं नाही. या भूमिकेला एमी, म्हणजे टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाला २०११ मध्ये, म्हणजे वयाच्या साठाव्या वर्षी.

माझं म्हणणं असं की बाई काही २०११ मध्ये अचानक चांगली झाली नाही, सिनेमावाल्यांनी तिला कायम तीन-तीन प्रसंग दिले. टीव्हीने पहिल्यांदा तेरा भाग दिले, तेव्हा जगाला दिसली. तुम्हाला काय वाटतं? आणि ती तुम्हाला पहिल्यांदा 'दिसली' कुठे, तेही सांगा.

चहाटळ – ३ जाने, रात्री १०:५८
अगं ती 'मिलियन डॉलर बेबी'मधली आई!!! तिला मी थिएटरमध्ये चप्पल काढून मारणार होते.

रानजाई – ३ जाने, रात्री ११:०३
हो गं तीच ती! यादीत वाचून मी ओरडलेच.

मिरजकर – ३ जाने, रात्री ११:२०
मस्त धागा. मॅग्जची भूमिका म्हणजे सगळ्या इंग्रजी मालिकांमधल्या खलनायिकांत पहिल्या तिनात. हातोडीचा प्रसंग आला का तुमचा? मुलांनी चूक केली म्हणून एका मुलाची बोटं ती हातोडीने ठेचते, आणि चेहऱ्यावर राग नाही, घरातलं एखादं नकोसं काम उरकावं तसं. तीन मुलगे, त्यातला एक तर पोलीसप्रमुख, आणि तिघंही आईसमोर चड्डीत. पुढे चर्चमधल्या सभेत खाणकंपनीच्या विरोधात बोलते ते भाषण नीट ऐका. हीच बाई विष पाजणारी हे आपण विसरतो आणि मनात टाळ्या वाजवतो.

नाटकवेडी – ४ जाने, सकाळी ७:१५
रानजाई, भूमिका आवडली हे अगदी पटलं पण "टीव्हीने दाखवली" हे मला पटत नाही. नाटकवाल्यांना ती आधीपासून माहीत होती. 'स्टील मॅग्नोलियाज' हे नाटक १९८७ मध्ये न्यूयॉर्कला ऑफ-ब्रॉडवे (म्हणजे छोट्या थिएटरात) आलं, लुइझियानातल्या एका ब्यूटी पार्लरमध्ये जमणाऱ्या सहा बायकांची गोष्ट. त्यात पार्लरवाली ट्रूव्ही पहिल्यांदा रंगवली ती मार्गोने. दोन वर्षांनी सिनेमा निघाला तेव्हा ट्रूव्ही केली डॉली पार्टनने. डॉली पार्टनबद्दल काही तक्रार नाही, गोड केलंय तिने. पण विचार करा, भूमिका पहिल्यांदा तुम्ही उभी केली, बोलायची ढब तुम्ही शोधली, प्रेक्षक कुठे हसतात ते रोज रात्री तुम्ही ऐकलं, आणि पडद्यावर जाताना नाव चालणारी बाई हवी म्हणून दुसरीला दिली. हे नाटकवाल्यांच्या बाबतीत सगळीकडे होतं आणि मला दर वेळी तितकाच त्रास होतो.

पुढे ब्रॉडवेवर, म्हणजे मोठ्या थिएटरात, 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ'मध्ये बिग मामा केली, त्यासाठी २००४ मध्ये टोनी या नाटकांच्या पुरस्काराचं नामांकन होतं. म्हणजे सापडली नव्हती असं नाही, पडद्याला सापडली नव्हती असं म्हणा.

रानजाई – ४ जाने, सकाळी ८:०२
मान्य, शब्द बदलते. पडद्याला सापडली नव्हती. डॉली पार्टनचं माहीत नव्हतं, वाचून वाईट वाटलं.

ओहायोकाठ – ४ जाने, सकाळी ८:४५
इथे मला बोललंच पाहिजे कारण आम्ही केंटकीतल्या लुईव्हिलला सहा वर्षं काढली. (तिथले लोक 'लूव्हल' म्हणतात, आम्ही बोललो की लगेच बाहेरचे म्हणून ओळखायचे.) डाउनटाउनमध्ये मेन स्ट्रीटवर ॲक्टर्स थिएटर आहे, मार्गो तरुणपणी काही वर्षं त्या कंपनीत होती, अभिनेत्री कॅथी बेट्सही तिथेच काम करायची. दर वसंतात तिथे नव्या नाटकांचा महोत्सव व्हायचा, ह्युमाना फेस्टिव्हल, आम्ही दोन वर्षं तिकिटं काढून गेलो. अशा कंपनीत आज म्हातारी, पुढच्या महिन्यात मोलकरीण, त्यानंतर राणी, असं सगळं करावं लागतं.

सांगायचं कारण म्हणजे मॅग्जची बोली. मार्गो टेक्सासची, पण केंटकीत राहिलेली. मालिकेचं शूटिंग बहुतेक कॅलिफोर्नियात झालंय, डोंगर खोटे आहेत हो, पण मॅग्ज तोंड उघडते तेव्हा मला आमच्या शेजारच्या आजी आठवतात. त्या पूर्व केंटकीतल्याच, खाणकामगाराची मुलगी. पाहुणा आला की पहिला प्रश्न "जेवलास का" आणि दुसरा "तुझे लोक कुठले". आपल्या आज्यांसारखंच. त्या आजींनी कुणाला विष पाजलं नाही एवढाच फरक :)

घाटावरचा – ४ जाने, दुपारी १:१०
थोडा वेगळा मुद्दा मांडतो, राग नसावा. तीन प्रसंगांची भूमिका म्हणजे अन्याय, हे गृहीतच मला चुकीचं वाटतं. 'मिलियन डॉलर बेबी' घ्या. मुलगी मॅगी बॉक्सिंगमध्ये मार खाऊन कमावलेल्या पैशातून आईला घर घेऊन देते. आई घर बघते आणि म्हणते की आता माझी सरकारी मदत बंद होईल, आधी विचारायचं होतंस. वर लोक तुला हसतात हेही ऐकवते. मग शेवटी हॉस्पिटलात. मुलगी मानेखाली लुळी पडलीय आणि हे कुटुंब सहलीचे टीशर्ट घालून वकिलासकट येतं, आई त्या मुलीच्या तोंडात पेन देते सही करायला. मोजून थोडे प्रसंग. पण ती आई खरी वाटली नसती तर मॅगीला घर म्हणून फक्त तो म्हातारा ट्रेनरच उरलाय हे आपल्याला कळलंच नसतं. तिथे आणखी दोन प्रसंग दिले असते तर बिघडलं असतं.

हॉलिवूडमध्ये ही परंपरा जुनी आहे. थेल्मा रिटर बघा, ब्रुकलिनची. 'रिअर विंडो'मधली मालिश करायला येणारी नर्स स्टेला म्हटलं की लगेच आठवेल. १९५० ते १९६२ मधल्या सिनेमांसाठी तिला सहायक अभिनेत्रीची सहा ऑस्कर नामांकनं मिळाली आणि एकदाही पुरस्कार नाही. 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट'मध्ये ती गळ्यातले टाय विकत फिरणारी म्हातारी खबरी आहे. बेवारशी म्हणून कुठेही पुरलं जाऊ नये, चांगल्या जागी थडगं मिळावं म्हणून पै पै साठवते. मारेकरी समोर उभा आहे आणि ही पलंगावर बसून सांगते की मी फार दमलेय. सिनेमातला तो एकच प्रसंग मी कितीदा बघितलाय. रिटर कधी नायिका झाली नाही, पण तिच्याशिवाय ते सिनेमे उभेच राहत नाहीत.

चहाटळ – ४ जाने, दुपारी १:३२
घाटावरचे, टीशर्टची आठवण नको होती. परत चप्पल हातात आलीय.

नाटकवेडी – ४ जाने, दुपारी २:०५
घाटावरचे, भूमिकेला तीन प्रसंग पुरतात हे खरं, पण माणसाला पुरत नाहीत. सिनेमाला काय पाहिजे ते तुम्ही सांगताय, मी त्या बाईच्या बाजूने बोलतेय. रिटरबाईंची सहा नामांकनं तुम्ही कौतुकाने सांगता, मला त्यात सहा वेळा चांगला ड्रेस घालून जाऊन हात हलवत परत येणं दिसतं.

घाटावरचा – ४ जाने, दुपारी २:४०
हे मान्य करावंच लागेल.

बंड्या७७ – ४ जाने, दुपारी ३:१५
ती ॲपल पाय दारू खरंच असते का? मला वाटलं मालिकेसाठी बनवलीय.

ओहायोकाठ – ४ जाने, दुपारी ३:५०
असते. सफरचंदाचा रस, साखर, दालचिनीच्या काड्या उकळायच्या, गार झालं की त्यात कडक मूनशाइन, म्हणजे घरी गाळलेली दारू, घालून बरणीत मुरवायचं. वास अगदी पायचा, चढते मात्र जोरात. आता दुकानात कायदेशीर बाटल्याही मिळतात.

मिरजकर – ४ जाने, दुपारी ४:२०
पायवरून आठवलं, 'डेक्स्टर' मालिकेतही ती होती. पोलीस खात्यात जुन्या फायली सांभाळणारी कॅमिला. तिसऱ्या सीझनमध्ये कॅन्सरने मरायला टेकलेली असते, चांगला की लाइम पाय (लिंबाचा पाय) खायची इच्छा असते तिची, नायक डेक्स्टर वेगवेगळ्या ठिकाणचे आणून देतो आणि शेवटी तिनेच विनवल्यावर विष घातलेला पाय स्वतःच्या हाताने भरवतो. म्हणजे २००८ मध्ये ही पायमधून विष खाते आणि २०११ मध्ये ॲपल पायमधून विष पाजते!

बंड्या७७ – ४ जाने, दुपारी ४:२४
बाईंच्या घरी जेवायला जायचं नाही.

विहीर – ४ जाने, रात्री ९:३०
कोणीच 'द अमेरिकन्स'चं बोललं नाही म्हणून लॉगिन झाले. एरवी मी वाचनमात्र.

ऐंशीच्या दशकातलं वॉशिंग्टन, रशियन हेर नवराबायको अमेरिकन बनून राहतायत आणि क्लॉडिया ही त्यांची वरिष्ठ. दिसायला कशी, तर सुपरमार्केटमध्ये आपल्यापुढे रांगेत उभी असणारी, कूपनं मोजणारी काकू. तीच तिची ढाल. हेर म्हणजे काळा कोट आणि गॉगल ही कल्पना तिने मोडली. पहिल्या सीझनमध्ये त्या जोडप्यातली बायको, एलिझाबेथ, तिला बेदम मारते. मार खाऊन रक्ताळलेल्या तोंडाने ही जे बघते त्यात राग नाही, भीती नाही, या मुलीला मी ओळखते असं काहीतरी आहे. आणि त्याच सीझनच्या शेवटी ती एकटी एका सीआयएच्या माणसाला मारते, मारताना आपल्या मेलेल्या मित्राबद्दल शांतपणे सांगत राहते. आवाज चढत नाही. मला तिचा आवाज न चढणं हीच तिची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, मॅग्जमध्येही तेच आहे.

शेवटच्या सीझनमध्ये ती एलिझाबेथच्या लेकीला रशिया शिकवते. नकाशावरचा नव्हे, गाणी, सिनेमे, स्वयंपाक. तिघी स्वयंपाकघरात उभ्या राहून रशियन जेवण बनवतात. माझी लेक इथे न्यू जर्सीत वाढलीय, मी तिला थालीपीठ थापायला शिकवते तेव्हा माझ्याही मनात नेमकं तेच असतं, की हे हिच्या हातात उतरू दे. तो प्रसंग बघताना मी विसरले की यातली एक बाई मुलीला हेर बनवायला निघालीय. पुढे भयंकर वाईट वाटलं.

मिरजकर – ४ जाने, रात्री १०:०५
विहीरताई, लिहीत जा हो. फार छान.
भर घालतो : क्लॉडियासाठी तिला २०१५ आणि २०१६ असे सलग दोन एमी मिळाले, पण पाहुणी कलाकार म्हणून. कारण मधे तिने 'द मिलर्स' ही विनोदी मालिका घेतली, त्यात ती मुख्य आई होती, त्यामुळे इकडे क्लॉडियाचं काम कमी झालं. ती मालिका दुसऱ्या सीझनमध्येच बंद पडली. पाहुण्यांच्या गटासाठी निम्म्याहून कमी भागांत दिसायला लागतं. म्हणजे सलग दोन वर्षं अगदी थोडा वेळ दिसून पुरस्कार. घाटावरचे खूश होतील.

घाटावरचा – ४ जाने, रात्री १०:११
झालोच. आणि रानजाईंचा मुद्दाही खरा ठरतो, कारण टीव्ही नसता तर क्लॉडिया शेवटच्या सीझनपर्यंत परत परत दिसलीच नसती.

पोपटीचटणी – ५ जाने, सकाळी ११:०० 
मी तिला फक्त ऐकलंय :) 'बोजॅक हॉर्समन' या कार्टून मालिकेत ती स्वतःचंच पात्र आहे आणि प्रत्येक वेळी तिचा उल्लेख "कॅरेक्टर ॲक्ट्रेस मार्गो मार्टिनडेल" असाच, पदवी लावल्यासारखा. बँकेवर दरोडा काय टाकते, काय काय करते. माझ्या पिढीच्या कितीतरी जणांना तिचं नाव त्यामुळेच माहीत आहे, आधी नाव कळलं आणि मग चेहरा.

नाटकवेडी – ५ जाने, सकाळी ११:४०
हे मला माहीत होतं आणि मला आधी खटकलं होतं. माणसाला एका खणात टाकून त्यावर चिठ्ठी लावल्यासारखं.

पोपटीचटणी – ५ जाने, दुपारी १२:०५
नाही हो, उलट आहे. त्यात बाकीचे सगळे हॉलिवूडवाले गोंधळलेले, रिकामे, नाव जाईल म्हणून घाबरलेले दाखवलेत. ही एकटी तिच्या कामावर इतकी खूश की दरोडासुद्धा भूमिका म्हणून जीव ओतून करते. कामावरचं प्रेम आहे ते. बघाच एकदा.

सातबारा – ५ जाने, दुपारी १:३०
अवांतर : आपल्याकडे चरित्र अभिनेत्री म्हटलं की ललिता पवार. एवढी मोठी कारकीर्द, आणि लोक 'खाष्ट सासू' म्हणून मोकळे झाले. त्यांच्यावर पण कोणीतरी धागा काढा.

रानजाई – ५ जाने, दुपारी १:४५
सातबारा, नक्की काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. पण इथे त्यांचं चालू केलं तर दोघींनाही न्याय मिळणार नाही.

टेकडी – ५ जाने, संध्या ६:२०
अलीकडचं कोणी बघितलंय का? 'द स्टिकी', २०२४ ची, सहाच भाग. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये मेपल सिरपच्या (मेपलच्या झाडाच्या रसाचा पाक) राखीव साठ्यातून खरोखर चोरी झाली होती, २०११-१२ मध्ये, जवळजवळ तीन हजार टन सिरप, किंमत १८ दशलक्ष कॅनेडियन डॉलर. पिंपातलं सिरप काढून पाणी भरून ठेवलं होतं! त्यावरून सुचलेली गोष्ट आहे, पात्रं काल्पनिक. मार्गो त्यात सिरप काढणारी शेतकरीण, नवरा कोमात, संघटनावाले जमीन काढून घ्यायच्या मागे. ती मुख्य भूमिकेत आहे, पोस्टरवर मधोमध. तेव्हा वय ७३. गोष्ट मधे मधे ढेपाळते पण ती बर्फात पाय रोवून उभी राहते तेव्हा बघत राहावंसं वाटतं. मी इथे माँट्रियलजवळ राहतो, तिची चिडचिड अगदी इथल्या शेतकऱ्यांची आहे.

चहाटळ – ५ जाने, संध्या ६:४१
हिला जेवणातलं काहीतरी लागतंच. दारू, पाय, सिरप.

रानजाई – ५ जाने, रात्री ९:१५
एक सांगायचं राहिलं. काल मॅग्जचा शेवटचा भाग सासूबाईंबरोबर बघितला. त्या ७४ वर्षांच्या, इंग्रजी सबटायटल वाचत वाचत बघतात. (परत रहस्यभेद.) शेवटी मॅग्ज मार्शलसमोर बसते, दोघांना ओतते, आणि या वेळी विष तिने स्वतःच्याच ग्लासात ठेवलेलं असतं. परत हात पुढे करते, तो धरतो. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. नंतर भांडी विसळताना म्हणाल्या, "सुरुवातीला तिने त्या माणसाचा हात धरला होता ना, तेव्हा मला वाटलं नाटक करतेय." इतकंच. मी दोन सीझन बघून जे लिहू शकले नाही ते त्या बोलून गेल्या.

सावळ्या – ६ जाने, पहाटे २:१०
धाग्याचा मूळ प्रश्न होता की पहिल्यांदा कुठे दिसली. त्याचं उत्तर देतो, थोडं लांब आहे.

२०११ मध्ये कंपनीने मला चार महिन्यांसाठी पॅरिसला पाठवलं होतं. पंचविशी, फ्रेंच येत नव्हतं, शनिवार-रविवार एकटाच फिरायचो. रूममेटच्या लॅपटॉपवर 'पारी, ज तेम' नावाचा सिनेमा होता, २००६ चा. पॅरिसच्या एकेका भागावर एकेका दिग्दर्शकाची छोटी गोष्ट. शेवटची गोष्ट अलेक्झांडर पेनची, चौदाव्या विभागातली, आणि त्यात मार्गो एकटी. ती आहे कॅरल, डेन्व्हरमध्ये टपाल वाटणारी बाई. फ्रेंच शिकतेय, पैसे साठवून पॅरिसला आलीय, आणि आपली सहल क्लासमध्ये वाचून दाखवावी तशी मोडक्या फ्रेंचमध्ये सांगते. उच्चार इतके अमेरिकन की हसू येतं. कमरेला पाऊच, पायात चालायचे बूट. मोंपार्नासच्या दफनभूमीत तत्त्वज्ञ सार्त्रच्या थडग्याशी उभी राहून त्याची सहचरी, लेखिका सिमोन द बोव्हार हिच्याऐवजी सिमोन बोलिव्हार, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या सेनानीचं नाव, म्हणते. मी खूप हसलो.

मग ती उंच इमारतीवरून शहर बघते, आणि सुंदर आहे ना असं म्हणायला शेजारी कोणी नाही असं तिच्या मनात येतं. जुन्या मित्राची आठवण येते, पण त्याच्याशी बोलून अकरा वर्षं झालीत. हे सगळं त्याच सपाट, शाळेतल्या आवाजात. मग बागेत बाकावर बसून सँडविच खाते. समोर मुलं, म्हातारे, गवतावर झोपलेले लोक. ती नुसती बघतेय आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलत जातं, ती म्हणते की आनंद आणि दुःख दोन्ही एकदम वाटलं, पण फार दुःख नाही. आपण जिवंत आहोत असं वाटलं. हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती बाग शोधत गेलो. पार्क मोंसुरी. बाक तोच होता की नाही माहीत नाही. बॅगेत खालच्या बेकरीतलं सँडविच होतं, ते खाल्लं आणि पुण्याला आईला फोन केला, पाऊण तास बोललो. काय खाल्लंस विचारलं तिने, तर सँडविच म्हटल्यावर म्हणाली भात लाव रे कधीतरी.

मार्गोचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. मॅग्ज बघताना अर्ध्या सीझनला कळलं की ही कॅरल आहे.

विहीर – ६ जाने, सकाळी ६:५५
सावळ्या, 🙏

नाटकवेडी – ६ जाने, सकाळी ७:३०
घाटावरचे, ही भूमिका किती मिनिटांची म्हणे?

घाटावरचा – ६ जाने, सकाळी ७:४४
सहा-सात. पण सातही मिनिटं ती एकटी. तुम्ही जिंकलात.

रानजाई – ६ जाने, रात्री ११:२०
आत्ता बघितलं. सासूबाई झोपल्यात, उद्या त्यांच्याबरोबर परत लावणार आहे. सबटायटलचा आकार जरा मोठा कसा करायचा कोणाला माहीत आहे का?